यंदा आपलंच! (चंद्रपूर-गडचिरोलीतल्या नवशिक्या युनायटेडवाल्यांसाठी)

इंग्लंडातला फुटबॉलचा हंगाम ऑगस्टच्या मध्याला सुरू होतो आणि मे महिन्यात संपतो. म्हणजे आपल्याकडे धानाची रोवणी उरकली की सुरू, अन् पारा ४५ च्या वर गेला की बंद. तयारी मात्र जूनपासूनच करावी लागते. ती अशी करावी.

१. संघ निवडायच्या फंदात पडू नका. तो कधीच निवडून झालेला आहे. २००८ मध्ये मॉस्कोच्या पावसात चेल्सी पेनल्टीवर हरली, त्या रात्री गल्लीत ज्या दादाच्या घरी टीव्ही सुरू होता, त्या दादाचा संघ तो तुमचा. आपल्या बाबतीत तो मँचेस्टर युनायटेड निघाला. आता तक्रार चालणार नाही.

२. इतिहास तोंडपाठ करा, पण २०१३ पर्यंतचाच. लीगची २० विजेतेपदं, त्यातली १३ एकट्या अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांच्या काळातली. फर्ग्युसन निवृत्त झाले तेव्हा डेव्हिड मोयस यांच्याशी सहा वर्षांचा करार झाला आणि तो दहा महिन्यांत आटोपला. तिथून पुढच्या प्रकरणाला ‘पुनर्बांधणी’ म्हणतात. २०२४-२५ मध्ये संघ पंधरावा आला, तीही पुनर्बांधणीच.

३. जुलैमध्ये भाकीत करा. ताडोबाचा कोअर भाग १ जुलैला बंद होतो, त्यामुळे तिथल्या गाइडची बोलण्याची पद्धत उसनी घ्यायला हरकत नाही. वाघ दिसला नाही असं तो कधी म्हणत नाही. ‘कालच याच पाणवठ्यावर होती,’ म्हणतो. तुम्हीही विजेतेपदाबद्दल तसंच बोला. नवा स्ट्रायकर आला की ‘आता पुरं झालं’, नाही आला की ‘पोरांना संधी मिळेल’. दोन्ही वाक्यं आधीच तयार ठेवा, ट्रान्सफरची खिडकी बंद होईपर्यंत कोणतं लागेल सांगता येत नाही.

४. घड्याळ समजून घ्या. शनिवारचा मुख्य सामना आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला. ऑक्टोबरच्या शेवटी इंग्रज आपली घड्याळं तासभर मागे घेतात, मग तोच साडेआठला. आठवड्यामधला सामना रात्री साडेबाराचा दीडला जातो. घाबरू नका. दिवाळीनंतर वडशाच्या कंपन्यांची नाटकं रात्रभर बघणारा झाडीपट्टीचा माणूस जागरणाला भीत नसतो. घरी एवढंच सांगा, ‘आजी नाटकाला पहाटेपर्यंत बसते, तिला कोणी काही म्हणत नाही.’ फरक इतकाच, की नाटकातल्या खलनायकाला शेवटच्या अंकात शिक्षा होते. आपल्या बचावफळीला होत नाही.

५. विजेची सोय पाहा. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. ही वीज कुठे जाते याचा विचार ८९व्या मिनिटाला डीपी उडाल्यावर करू नये. मोबाइल आधीच चार्ज करून ठेवावा.

६. पानठेल्यावर जाताना उत्तर सोबत न्या. आर्सेनलवाला खर्रा घोटून घेत विचारेल, ‘काय बे, यंदा कितवा नंबर?’ चिडू नका. शांतपणे म्हणा, ‘तुम्ही २०२२-२३ पासून लागोपाठ तीन वर्षं दुसरे आलात ना भाऊ? अशी मेहनत आमच्याच्यानं होत नाही.’ लिव्हरपूलवाला दिसला तर आलूबोंडा मागवा आणि तोंड भरलेलं ठेवा. त्यांचीही आता २० विजेतेपदं झाली आहेत.

७. आपत्कालीन सूचना. यंदाचं ‘यंदा’ ऑगस्टमध्येच संपू शकतं. २७ ऑगस्ट २०२५ ला लीग कपमध्ये चौथ्या श्रेणीतल्या ग्रिम्सबी टाउनने युनायटेडला २-२ वर रोखलं आणि पेनल्टीवर १२-११ असं घरी पाठवलं. आपल्याकडे तेव्हा २८ तारीख लागून गेली होती आणि सकाळची ड्युटी समोर होती. अशा वेळी म्हणायचं, ‘बरं झालं, आता लीगवर लक्ष देता येईल.’ लीगमध्येही तसंच झालं तर पुन्हा कलम ३ वाचा. फक्त ‘यंदा’च्या जागी ‘पुढच्या वर्षी’ घाला, बाकी मजकूर बदलावा लागत नाही.

८. वारसा. तुमचं लेकरू २०१३ नंतरचं असेल, तर त्यानं आपल्या संघाला लीग जिंकताना एकदाही पाहिलेलं नाही. त्याच्यावर जबरदस्ती करू नका. सिटी घे, लिव्हरपूल घे, असं मोकळेपणानं सांगा. तरी ते लाल जर्सीच मागेल, अन् ती युनायटेडचीच. रात्री साडेबाराला बाबाच्या शेजारी जागायची परवानगी कोणत्या संघाच्या सामन्याला मिळते, हे त्याला चांगलं ठाऊक असतं.