झाकल्या सोफ्याची थोरवी

सोफा बसण्यासाठी असतो असं मानणाऱ्या घरांत त्याचं कापड चार वर्षांत विरतं. कापडाची कदर असलेली माणसं नवा सोफा आला की दुकानातलं प्लास्टिक फाडतच नाहीत. त्यावर शिंप्याकडून शिवून घेतलेलं सुती कव्हर चढवतात, कव्हर मळू नये म्हणून सोलापुरी चादर अंथरतात आणि डोकं टेकतं तिथे क्रोशाचे रुमाल लावतात. मग कुठे आतली मरून मखमल निर्धास्त होते. ती दिसत नाही, ही उथळ माणसांची तक्रार. लॉकरमधल्या पाटल्या तरी रोज कुठे दिसतात?

रुमालांची परंपरा तर मोठी आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातले पुरुष केसांना मॅकासर तेल चोपडत, म्हणून तिथल्या गृहिणी खुर्च्यांच्या पाठींवर कापडं घालू लागल्या. आपल्याकडे तेल खोबऱ्याचं, इतकाच फरक. पाहुणा टेकला की रुमाल घसरतो. बहुतेक घरांत तो गेल्यावर सरळ करतात, काही घरांत तो बसलेला असतानाच. "काका, जरा पुढे सरकता का?" ही दुसरी रीत मला जास्त प्रामाणिक वाटते.

शिवाय झाकलेल्या सोफ्याच्या मालकाला अभ्यास करावा लागत नाही. बऱ्याच सोफ्यांच्या गादीखाली एक चिठ्ठी शिवलेली असते. तिच्यावर डब्ल्यू असेल तर पाण्यातल्या साबणाने पुसायचं, एस असेल तर पाणी न लावता सॉल्व्हंटने, डब्ल्यूएस असेल तर दोन्ही चालतं, आणि एक्स असेल तर ओलं काहीच लावायचं नाही, फक्त धूळ ओढून घ्यायची. चहा सांडला तर लगेच कोरड्या फडक्याने टिपायचा, घासायचा नाही, हेही लक्षात ठेवायचं. प्लास्टिकवाल्यांची ती चिठ्ठी अजून कोरी आहे आणि कोरीच राहील.

१९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ या अभियंत्याने उपाहारगृहातल्या मऊ खुर्चीवर हातरुमाल ठेवला आणि तोंडाने हवा आत ओढली. ठसका लागला, रुमालावर काळा डाग उमटला. त्यातूनच त्याचं धूळ ओढणारं यंत्र निघालं आणि १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबेचा गालिचा त्याने साफ केला. खुर्ची प्लास्टिकमध्ये असती तर बूथला काहीच सापडलं नसतं आणि गादीत धूळ असते ही चिंता घरोघरी पोचली नसती.

पावसाळ्याचा मुद्दा विरोधक हटकून काढतात. मुंबईत आणि कोकणात तेव्हा हवा इतकी दमट असते की प्लास्टिकखाली कोंडलेली ओल सुटत नाही. कापडावर पांढरी बुरशी धरते, कुबट वास येतो. माणसाच्या अंगावरून गळलेल्या त्वचेवर जगणारे, पाव मिलिमीटरचे धुळीतले किडे दमट गादीत सुखाने वाढतात आणि दमेकऱ्यांचा दमा उठवतात. उपाय म्हणून हे लोक सांगतात की प्लास्टिक काढा, खिडक्या उघडा, आठवड्याला व्हॅक्यूम फिरवा, गाद्या उलट्या करा. पण प्लास्टिक काढलं की माणसं बसतात! कुबट वासाला उदबत्ती पुरते. उन्हाळ्यात प्लास्टिक मांडीला चिकटतं खरं, पण त्यामुळे पाहुणे वेळेवर उठतात. दम्याला पंप मिळतो. मखमलीला कुठला पंप?

निष्ठेचं फळ सोफा मोडीत निघताना पदरात पडतं. फोम बसलेला असतो, पायांना वाळवी लागलेली असते. पण थर एकेक करून उतरवले की कडेचे बुरशीचे ठिपके सोडून मखमल कोरी करकरीत निघते. त्याच सोफ्यावर लहानाची मोठी झालेली मुलं विचारतात, "आई, हा मरून होता?" भंगारवाला लाकडाचे पैसे देतो, कापडाचे धरत नाही. धरले तरी देऊ नये. मखमल नीट कापून घ्यावी, नव्या सोफ्याच्या हातांवर घालायला बेताची होते. तिच्यावर पुन्हा प्लास्टिक मात्र जाड बघून घ्यावं.