तिसऱ्या भोकाचं काय करायचं? (नवख्या भाडेकरूंसाठी)

बेंगळुरूत नोकरी लागली, दहा महिन्यांचं डिपॉझिट भरलं, आता घराशी ओळख करून घ्या. बाथरूमचा नळ उघडताना बोटांना झिणझिण्या आल्या तर दचकू नका. मालकांना सांगा. ते म्हणतील, ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि.’ हा कानडीचा पहिला धडा. रबरी चपला घालून आंघोळ करणं हा दुसरा.

सॉकेटमध्ये वरच्या बाजूला एक मोठं भोक दिसेल. ते अर्थिंगचं. गिझरचं कॉइल फुटून फेज पाण्याला किंवा पत्र्याला लागला, तर करंटने तुमच्या अंगातून न जाता जमिनीत उतरावं, म्हणून ठेवलेली ती वाट. प्लगची ती पिन मुद्दाम लांब असते: आत जाताना सगळ्यांत आधी टेकते, बाहेर येताना शेवटी सुटते. पण भोकामागे वायर आहे का, हे विचारू नये, वाईट दिसतं. त्याचा खरा उपयोग निराळाच. त्यात बॉलपेन खुपसलं की खालच्या दोन भोकांची झापडं उघडतात आणि दोन पिनांचा चार्जर सुखाने आत बसतो.

झिणझिण्यांचा कंटाळा आला तर स्वस्तातला वायरमन गाठा. अर्थची वायर ओढायला भिंत फोडावी लागते, म्हणून तो सॉकेटमध्येच अर्थ आणि न्यूट्रल एकत्र पिळून देईल. झिणझिण्या गायब! मग एके दिवशी मागे कुठेतरी न्यूट्रल तुटतो आणि गिझर, फ्रिज, वॉशिंग मशीन, सगळ्यांच्या अंगावर एकदम २३० व्होल्ट चढतात. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हा.

‘एमसीबी आहे ना बोर्डात!’ असं कुणी म्हणालं की मान डोलवा. १६ अँपिअरचा एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. माणसाच्या हृदयाची लय बिघडायला ०.१ अँपिअरही पुरतो. ३० मिलिअँपिअरच्या गळतीला पडणारा आरसीसीबी वेगळा असतो. डिपॉझिट परत हवं असेल तर तो विषय काढू नका.

पार्किंगमध्ये अर्थिंगचा खड्डा शोधा. त्यात मीठ-कोळसा भरून तो उन्हाळ्यात पाणी घालून ओला ठेवायचा असतो, कारण कोरड्या मातीतून करंट धड उतरत नाही. त्यातून इथली जमीन म्हणजे खाली लालबागेतल्यासारखा खडक. २०२४ च्या उन्हाळ्यात बोअरवेल आटून लोक टँकरमागे धावत होते, तेव्हा खड्ड्याला बादलीभर पाणी मागणाऱ्याला सोसायटीने वेड्यात काढलं असतं. आमच्या खड्ड्यावर फरशी आहे. फरशीवर मालकांची स्कूटर.

या शहराच्या रस्त्यांवर शिवनसमुद्रच्या विजेचे दिवे १९०५ सालीच लागले. आमच्या तिसऱ्या भोकापर्यंत मात्र अजून काही पोचलेलं नाही. परवा चांगल्या वायरमनने होल्डरला दोन वायरी लावून शंभराचा बल्ब आणला. फेज-न्यूट्रलमध्ये लख्ख पेटला. फेज-अर्थमध्ये मिणमिणलासुद्धा नाही. मालकांनी वाकून नीट पाहिलं, हसले आणि आंघोळीला वर गेले. त्यांच्याकडे सोलरचं पाणी आहे.