फुकटचा धूर

पुण्यातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोपऱ्यातली एक गाडी अशी असते, की तिचं बॉनेट बंद झालेलं वॉचमननेही पाहिलेलं नसतं. तिच्या मालकाला आपण टर्बोकर म्हणू. खरं आडनाव कुलकर्णी असेल, शिंदे असेल, काहीही असेल. सोसायटीत ते कुणी वापरत नाही. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, नखांत काळं ऑईल आणि गाडी मारुती एस्टीम.

टर्बोकरला वेगाचं वेड आहे, असा लोकांचा समज आहे. तो साफ चूक. त्याला वेड आहे काटकसरीचं. जेवताना कुणी पानात टाकलं तर त्याचा घास अडकतो. पेट्रोलमधली साधारण एक तृतीयांश ऊर्जा धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जाते, हे त्याने एकदा वाचलं आणि त्याची झोप उडाली. त्यावरचा उपाय म्हणजे टर्बो: त्याच धुराने एक चक्र फिरवायचं, दांड्याच्या दुसऱ्या टोकाला पंखा बसवायचा, पंख्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. हवा जास्त म्हणून पेट्रोल जास्त जाळता येतं, आणि छोटं इंजिन मोठ्याची ताकद दाखवतं. आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. टर्बोकरच्या मते हा गृहस्थ तिकडे चुकून जन्मला, डोकं सदाशिव पेठेतलंच. 

“अहो, फुकट जातंय ना ते!” एवढं एकच वाक्य तो गेली सहा वर्षं वहिनींना ऐकवतो आहे. फुकट जाणारं ते पकडायला आजवर किती खर्च आला, याची एक वही आहे. तिच्यात दोन रकाने आहेत. एक खरा, दुसरा घरात सांगायचा.

टर्बो मिळाला रविवारच्या जुन्या बाजारात. फियाटच्या १.३ लिटर डिझेल इंजिनाचा. मारुती, टाटा आणि फियाट अशा तिघांच्याही गाड्यांत असायचं म्हणून ज्याला लोक गमतीने ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणत, तेच. आता डिझेलचा धूर पेट्रोलच्या मानाने थंड. पेट्रोल इंजिन जोरात पळवलं की धूर ९०० अंशांच्या वर जातो, आणि डिझेलसाठी घडवलेल्या टर्बोला ते सोसेलच असं नाही. शिवाय ते चक्र मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतं. पण टर्बोकरने दांडा बोटांनी हलवला, कानाशी धरून फिरवला, नाकाशीही धरला, आणि अत्तर पारखल्यासारखा चेहरा करून पैसे मोजले.

पुढचा प्रश्न दाबाचा. आधीच दाबून भरलेली हवा सिलिंडरमध्ये आणखी दाबली, की मिश्रण नको तेव्हा आपोआप पेटतं. त्याला नॉकिंग म्हणतात. कानाला नुसतं टणटण ऐकू येतं, पण पिस्टनला भोक पडू शकतं. म्हणून कॉम्प्रेशन ९ ला १ वरून ८ ला १ वर आणायचं ठरलं, आणि त्याआधी हेडमधल्या पोकळीचं माप घेणं आलं.

हे माप घरोघरच्या टर्बोकरांकडे असंच घेतात. हळदीकुंकवाच्या पाटावर जुनं वर्तमानपत्र, त्यावर उलटं ठेवलेलं सिलिंडर हेड. स्पार्क प्लग आवळलेला, व्हॉल्व्ह बंद, कडेला ग्रीसचा पातळ थर आणि वर भोक पाडलेला अ‍ॅक्रिलिकचा चौकोन. भोकातून औषधाच्या सिरिंजने रंगीत पाणी सोडायचं. रंग शिऱ्यात घालतात तोच, केशरी. हवेचा शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत टर्बोकर श्वास रोखून बसतो, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी पंखा लावतं. बुडबुडा गेला की सिरिंजवरचा आकडा वाचून तो कागदावर गणित मांडतो. इंजिन १२९८ सीसी, म्हणजे एक सिलिंडर साधारण ३२५. नऊला एक असेल तर वर ४०.६ सीसी जागा, आठला एक हवं तर ४६.४. फरक ५.८ सीसी, चहाच्या चमच्याएवढा. ७४ मिलिमीटरच्या बोअरवर तो पसरला, की गॅस्केटची जाडी १.३५ मिलिमीटरने वाढवावी लागते.

या चमचाभर जागेत एक दिवाळी गेली.

इंजिनाच्या ब्लॉकची कथा वेगळी. १९८३ साली नेल्सन पिकेने फॉर्म्युला वनचं जगज्जेतेपद बीएमडब्ल्यूच्या दीड लिटर टर्बो इंजिनावर जिंकलं. टर्बोच्या जोरावर ड्रायव्हरला मिळालेलं ते पहिलंच. त्या इंजिनाचा ब्लॉक मूळचा साध्या रस्त्यावरच्या गाडीचा. भरपूर पळालेले जुने ब्लॉक उन्हापावसात टाकून ठेवत, त्याने लोखंडातले ताण निघून जात, अशी आख्यायिका आहे. टर्बोकरने ती शिरसावंद्य मानली. एस्टीमचा ब्लॉक पूर्ण चातुर्मास गॅलरीत तुळशीशेजारी उभा होता. बीएमडब्ल्यूचे ब्लॉक ओतीव लोखंडाचे आणि एस्टीमचा अ‍ॅल्युमिनियमचा, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा कार्तिकी एकादशी होऊन गेली होती. (जर्मन कामगार त्या ब्लॉकवर उघड्यावर आणखीही काही करत, अशीही दंतकथा आहे, पण तो प्रयोग सोसायटीच्या गॅलरीत करण्यासारखा नाही.)

सिलिंडरचं काम पुण्यात कुणी हातात घेईना, म्हणून ब्लॉक कोल्हापूरला उद्यमनगरात गेला. तिथे ओतकाम आणि लेथकाम करणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि लोखंडाशी बोलता बोलता माणसांशीही ती तेवढंच मोजकं बोलतात. मेस्त्रींनी बोअरमध्ये बोट फिरवलं.

“टर्बो लावताय व्हय?”

“हो. दाब सात पीएसआयच.”

मेस्त्रींनी चहा मागवला, निम्मा बशीत ओतला आणि विचारलं, “मग परत कवा येताय?”

हा प्रश्न टर्बोकरला अपमानास्पद वाटत नाही, हे त्याचं खरं वैशिष्ट्य. इंजिन खोलायचं ते जोडण्यासाठी, असं आपण समजतो. तो जोडतो पुन्हा खोलायला मिळावं म्हणून.

शेवटी एका रविवारी इंजिन सुरू झालं. टर्बोचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तेल दाबाने आत येतं, पण परत जाताना केवळ उताराने जातं, म्हणून परतीची नळी जाड आणि सरळ खाली उतरणारी हवी. टर्बोकरच्या नळीला सायलेन्सर आडवा येत होता, तेव्हा त्याने तिला एक छोटंसं वळण दिलं होतं. वळणाशी तेल तुंबलं, सील ओलांडून गरम धुरात गेलं आणि जळलं. पार्किंगमधून निळे ढग वर चढले. महापालिकेची डासांची फवारणी आली, असं समजून तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या खिडक्या फटाफट बंद झाल्या. चेअरमननी वरूनच हात हलवून मागच्या गटाराकडेही एक फेरी मारायला सांगितलं.

नळी सरळ झाली. मग तीन महिने गाडी खरंच चालली, आणि त्या तीन महिन्यांत वहिनींनी कधी नव्हे एवढी वाट पाहिली. तापलेलं इंजिन एकदम बंद केलं, की टर्बोतलं तेल जागच्या जागी करपतं. म्हणून घाट चढून आल्यावर मिनिट-दोन मिनिटं ते नुसतं चालू ठेवायचं असतं. टर्बोकर नुसतं पार्किंग शोधून आल्यावरही मिनिटं मोजतो. कार्यालयाच्या दारात वहिनी पैठणी सावरत उभ्या, आत ‘शुभमंगल सावधान’, आणि हा घड्याळाकडे बघत स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेला. इंडियन ऑईलने १०० ऑक्टेनचं पेट्रोल डिसेंबर २०२० मध्ये ज्या दहा शहरांत आणलं त्यांत पुणं आहे, हे तो प्रत्येक लग्नात वराच्या मामांना सांगतो. आरटीओचं नाव निघालं की मात्र पंगतीकडे वळतो. कंपनीने ठरवलेल्या रचनेत परस्पर असा बदल करणं मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमात बसत नाही, हे त्याला पाठ आहे.

चौथ्या महिन्यात खंबाटकी घाटाच्या चढावर टणटण झाली. हळूच, एकदाच. टर्बोकरने कुणाला सांगितलं नाही, पण रात्री जेवताना तो खुशीत होता.

परवा भाचीच्या लग्नाला दोघं साताऱ्याला एसटीने गेले. एस्टीमचं हेड तेव्हा पाटावर होतं. मागे जागा रिकामी असताना टर्बोकर हट्टाने पुढे इंजिनाजवळ बसला. वाटेतल्या चढावर ड्रायव्हरने गिअर टाकला, आणि इंजिनाच्या घरघरीवर एक बारीक शीळ चढत गेली. टर्बोकरने वहिनींना कोपराने हलवलं. “ऐकलंस? कंपनीनेच बसवलाय.”

वहिनींनी खिडकीची काच सरकवली आणि पदर डोक्यावर घेतला. कंडक्टर सुट्टे मागत होता. टर्बोकरने त्याला शीळ संपेपर्यंत थांबायची खूण केली.