काकांनी इंजिन उघडलंय

ज्यांच्या गाडीचं बॉनेट मिटलेलं कोणी पाहिलेलं नाही, असे एक काका दर सोसायटीत असतातच. आमचे काका राहतात तिसऱ्या मजल्यावर, पण असतात पार्किंगमध्ये. हयात गेली बँकेत. पण बोलायला लागले की वाटावं, टेल्कोची पिंपरीची असेंब्ली लाइन ह्यांच्याच भरवशावर चालली होती.

गॅरेजवर त्यांचा विश्वास नाही. ‘मिस्त्री लोक ऐकतच नाहीत हो, नुसतं बदलतात,’ हे त्यांचं दुखणं. काका ऐकतात. इंजिन चालू ठेवून लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. अशा वेळी काकूंनी गॅलरीतून मारलेल्या हाका त्यांना ऐकू येत नाहीत. दोन नंबर सिलिंडरच्या एक्झॉस्टची टकटक तेवढी येते.

दिवाळीच्या तोंडावर निदान झालं: कॅमशाफ्ट गेले. दोन्ही. गाडी वर्षभर भाच्याकडे होती आणि त्याने ऑइल बदलायचं नावच काढलं नव्हतं. वंगण पोचलं नाही की कॅमचा उंचवटा झिजतो, व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही, चढावर गाडी दम टाकते. एवढं कुठलाही मिस्त्री सांगेल. पण मिस्त्री एवढ्यावर थांबून पैसे सांगतो. काका इतिहास सांगतात.

‘पद्मिनीला एकच कॅम, तोही ब्लॉकच्या पोटात. तिथून दांड्या वर जाऊन व्हॉल्व्ह हलवायच्या. 1983 ला मारुती आली, तिने कॅम डोक्यावर नेला, पट्ट्यावर फिरवला. आणि ही आपली वॅगन-आर! 998 सीसी, तीन सिलिंडर, बारा व्हॉल्व्ह आणि डोक्यावर दोन कॅम. एक श्वास आत घ्यायला, एक बाहेर सोडायला. बरं, फिरतात किती? क्रँकच्या निम्मे. क्रँकने दोन फेरे मारावेत, तेव्हा ह्यांचा एक.’

‘आमच्या घरीही तसंच आहे,’ भाजीची पिशवी घेऊन जाता जाता काकू म्हणाल्या.

काम घरी करायचं ते अर्थात पैसे वाचवण्यासाठी. त्यासाठी आधी टॉर्क रेंच आला. मग गोटी पान्यांचा सेट. मग त्या सेटमध्ये नेमकी नसलेली एक गोटी, जी मिळवायला बुधवारचा जुना बाजार आणि न मिळाल्यामुळे रविवारचा जुना बाजार. नवे कॅम नाना पेठेतून, तेही चार दुकानं फिरून, कारण काका पार्ट विकत घेत नाहीत, त्याची मुलाखत घेतात. ‘एवढ्यात मिस्त्रीने दोनदा काम केलं असतं,’ हे वाक्य आमच्या पार्किंगमध्ये उच्चारायची पद्धत नाही. टॉर्क रेंच आयुष्यभर राहतो, असं उत्तर मिळतं. राहतो खरा. खंडेनवमीला देवापुढे पाटावर असतो, हळदकुंकू लावून. गाडीला दुसऱ्या दिवशी नुसता हार.

सेक्रेटरींनी लगेच खांबावर नोटीस चिकटवली: पार्किंगमध्ये दुरुस्तीची कामे करू नयेत. काकांनी ती अलगद काढली आणि कोऱ्या पाठीवर कॅमच्या कॅपांचा नकाशा काढला. हे जरुरीचंच होतं म्हणा. ह्या कॅपा हेडबरोबरच कोरलेल्या असतात; हिची जागा तिला चालत नाही. प्रत्येकीवर आकडा, इनटेक-एक्झॉस्टचं अक्षर आणि दिशेचा बाण असतो. बोल्टही एकदम सोडायचे नाहीत. खालून व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा रेटत असतात; एका टोकाचे आधी मोकळे केले तर कॅम वाकतो, नाहीतर तुटतो. म्हणून पाव फेरा इथे, पाव फेरा तिथे. इतका सावकाशपणा माणसाच्या अंगात जन्मतः असावा लागतो. तो काकांच्या आहे; सिग्नल सुटल्यावर त्यांच्या मागे उभे राहिलेले सांगतील.

कॅम निघाले आणि खाली बारा टॅपेट दिसले, उलट्या वाट्यांसारखे. ह्यांचीही अदलाबदल चालत नाही. प्रत्येकाची जाडी किंचित वेगळी आणि फट जुळवायची ती त्या जाडीवरच. आता बारा वस्तू बारा ठिकाणी, क्रमाने ठेवायच्या कुठे? काका वर गेले आणि आप्पेपात्र घेऊन खाली आले. खळगे मोजले: बारा. ‘ह्याला म्हणतात डिझाइन,’ असं ते कोणाला उद्देशून म्हणाले, कंपनीला की आप्पेपात्राला, ते समजलं नाही.

थोड्या वेळाने काकू आल्या. ‘अहो, पीठ आंबून वर आलंय.’

‘अगं, हात लावू नकोस! एक्झॉस्टचे सहा त्या बाजूला आहेत!’

त्या घरात त्या दिवशी इडल्या झाल्या.

मग बोल्ट पडला. कॅम फिरवणारी चेन वर बांधून ठेवलेली होती; ती जिथून खाली जाते, ते भोकही चिंधीने बुजवायचं असतं. पण चिंधी आणायला काकू लागतात आणि काकू इडल्यांपासून बोलत नव्हत्या. ‘टिंग’ असा आवाज होऊन बोल्ट थेट चेनच्या विहिरीत गेला. ही बातमी वॉचमनने दोन्ही विंगांत पोचवली. सल्ले आले, टॉर्च आले, कोणीतरी स्वयंपाकघरातला चिमटा आणला. शेवटी आमच्या फ्रिजवरचे मॅग्नेटचे मोरेश्वर दोऱ्याला बांधून आत सोडले. तिसऱ्या खेपेला ते बोल्ट घेऊन वर आले. सेक्रेटरींनी टाळ्या वाजवल्या. नोटीस त्यांनीच लावली होती, ह्याची त्यांना कोणी आठवण करून दिली नाही.

नवे कॅम ऑइल चोपडून बसले. त्या बारीक बोल्टांना दहा-अकरा न्यूटन-मीटरच पुरतं, जोर लावला की अॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे जातात. तेव्हा टॉर्क रेंचची ‘कट्’ ऐकायला पोरं जमली. काका फिलर गेजची पाती फटीत घालून आकडे सांगत होते आणि मी नोटिशीच्या पाठीवर मांडत होतो. अकरा बरोबर आले. बारावा घट्ट. म्हणजे त्या जागी पातळ टॅपेट हवा, म्हणजे तो कॅम पुन्हा काढायचा, म्हणजे पुन्हा नाना पेठ.

दुसरा कोणी असता तर पाना आपटला असता. काकांचा चेहरा उजळला. ‘चला,’ म्हणाले, ‘उद्या सकाळी काय करायचं हा प्रश्नच होता.’

तो टॅपेटही आला. चेनच्या रंगीत कड्या स्प्रॉकेटच्या खुणांवर बसल्या. क्रँक आधी हाताने दोन फेरे फिरवून झाला, पिस्टन आणि व्हॉल्व्ह कुठे भिडत नाहीत ना ते पाहायला. मग काकूंनी किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. काकांनी स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला, बराच वेळ. मग रॉकेलच्या फडक्याने हात पुसत म्हणाले, ‘काही येत नाही ऐकू,’ आणि मुकाट्याने चादर झटकायला लागले. नोटीस पुन्हा खांबावर गेली, नकाशाची बाजू वर करून.

पंधरवड्यात जावयाची स्विफ्ट टकटक करायला लागली. काका तिला तसंच सोडून मला घेऊन तुळशीबागेत गेले. भांड्यांच्या दुकानात गर्दी होती.

‘सोळा खळग्यांचं आप्पेपात्र आहे का?’

दुकानदाराने मान वर न करता विचारलं, ‘माणसं किती घरात?’

‘चार सिलिंडर,’ काका म्हणाले.