फळ्याच्या डाव्या बाजूचे तत्त्वज्ञान

मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत तीसेक वर्षे इंग्रजी शिकवून नियत वयोमानानुसार अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणारे जे सर असतात, त्यांच्या शिक्षणविषयक तत्त्वज्ञानाची दखल शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांनी फारशी घेतलेली नाही. कारण हे तत्त्वज्ञान त्यांनी कधी ग्रंथरूपाने मांडले नाही, आणि फळ्यावर जे मांडले ते तास संपताच डस्टरने पुसून टाकले. तरीही त्याचा ठावठिकाणा सांगता येतो. फळ्याच्या डाव्या बाजूस उभी रेघ मारून, वर 'न्यू वर्ड्स' असे लिहून, खाली इंग्रजी शब्द आणि त्यासमोर मराठी अर्थ मांडण्याचा जो रकाना असे, तो या तत्त्वज्ञानाचे अधिष्ठान होय.

या रकान्याची परंपरा जुनी आहे. परकी भाषा व्याकरणाच्या नियमांतून आणि वाक्यांच्या उलटसुलट भाषांतरातून शिकवण्याच्या रीतीला व्याकरण-भाषांतर पद्धती म्हणतात, आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने ती मराठी घराघरांत पोहोचवली. १८८० साली चिपळूणकर, टिळक इत्यादी मंडळींनी पुण्यात राष्ट्रीय बाण्याची शाळा काढली, तेव्हा तिचे नावदेखील 'न्यू इंग्लिश स्कूल' असेच ठेवले, यावरून इंग्रजीबद्दलची तत्कालीन भावना ध्यानात यावी. इंग्रजी विद्येला वाघिणीचे दूध म्हणण्याची चालही चिपळूणकरांच्याच नावावर सांगितली जाते. सरांनी ते दूध नीट उकळून, गाळून, चमच्याचमच्याने पाजले. वाघीण मात्र वर्गात कधी येऊ दिली नाही.

व्याकरणात त्यांचा प्रमाणग्रंथ म्हणजे 'रेन अँड मार्टिन'. यांतील रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीस होते आणि १९२४ साली फ्रेंच फॉरेन लीजनच्या वाळवंटातील शौर्यावर 'बो जेस्ट' ही कादंबरी लिहून त्यांनी मोठे नाव मिळवले, ही माहिती सरांना दिली असता ती ते सौजन्याने ऐकून घेतात, परंतु तिच्यावर विश्वास ठेवत नाहीत. ज्याने नामाचे प्रकार लिहिले, त्याला बंदुकीशी काय कर्तव्य, असा त्यांचा रास्त प्रश्न असतो.

या व्याकरणाचा कळस 'डू ॲज डायरेक्टेड' या प्रश्नात, म्हणजे सूचनेबरहुकूम वाक्याचे रूप पालटण्यात, गाठला जाई. राम आंबा खातो, हे विधान कर्मणी प्रयोगात नेले की आंबा रामाकडून खाल्ला जातो. रामाचे पोट तितकेच भरते, आंब्याची गतीही तीच राहते, तथापि मध्यंतरी विद्यार्थ्याला एक गुण मिळालेला असतो. रूप बदलावे पण अर्थास धक्का लागू नये, ही शिस्त ज्यांनी किशोरवयात अंगी बाणवली, त्यांतील कित्येक पुढे शासकीय परिपत्रके लिहिण्याच्या कामी नामांकित ठरले, यात नवल नाही.

उच्चाराच्या प्रांतात सर देवनागरीशी एकनिष्ठ होते. 'वेड-नेस-डे' असे अक्षरशः घोकले की बुधवारचे स्पेलिंग जन्मात चुकत नाही, हा सिद्धांत त्यांनी पिढ्यानपिढ्या चाररेघी वह्यांवर सिद्ध केला. बोलण्यास मात्र या व्यवस्थेत जागा नव्हती. मूल बोलले की चुकते, चुकले की चूक अंगवळणी पडते, सबब चूक होणार नाही याची खात्री पटेपर्यंत त्याने गप्प बसावे, असा हा युक्तिवाद होता. आणि ती खात्री शालान्त परीक्षेपर्यंत सहसा कोणासच पटत नसे. या भूमिकेस शास्त्राधार नव्हता असेही म्हणवत नाही. बंगालमध्ये अध्यापन केलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९२६ सालच्या आपल्या ग्रंथात, भारतीय विद्यार्थ्याला इंग्रजी बोलण्यापेक्षा वाचण्याची गरज अधिक आहे, असे प्रतिपादन केले होते. सरांनी वेस्ट वाचले नव्हते, पण वेस्ट यांनी सरांना पाहिले असावे अशी शंका येते.

शासनाने इंग्रजीची सुरुवात पुष्कळ हलवली. स्वातंत्र्यानंतर ती आठवीत होती, पुढे पाचवीत आली, २००० साली पहिलीत उतरली. पद्धतीही बदलत गेल्या. वस्तू हातात धरून ठरावीक वाक्यरचना गिरवून घेणारी संरचना पद्धती आली, तेव्हा सरांनी तपासणीच्या दिवशी डस्टर उंच धरून 'धिस इज अ डस्टर' हे वाक्य साठ मुखांतून वदवले आणि साहेबांची जीप फाटकाबाहेर पडताच फळ्याच्या डाव्या बाजूस रेघ मारली. नंतर संभाषणाची पद्धती आली, कृतींची आली. प्रत्येकीचे टाचण सरांनी सुवाच्य अक्षरात काढले, आणि प्रत्येकीच्या राज्यात रेघ होती तिथेच राहिली.

याला हट्ट म्हणावे काय? एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतील शाळांमध्ये कृतींद्वारे इंग्रजी शिकवण्याचा 'बंगलोर प्रकल्प' राबवला आणि तो जगभर गाजला. त्याच प्रभूंनी १९९० साली एका लेखात, सर्वोत्तम अशी एकच पद्धती अस्तित्वात नसते, असे सांगून शिक्षकाच्या 'ग्राह्यतेच्या जाणिवे'ला महत्त्व दिले. अमुक केल्याने मुलांना अमुक कळते, अशी जी खूणगाठ शिक्षक अनुभवाने मनाशी बांधतो, ती ही जाणीव होय. ती जिवंत असली की शिकवणे जिवंत राहते आणि गोठली की यांत्रिक होते, असे त्यांचे म्हणणे. सरांची जाणीव यांपैकी कोणत्या अवस्थेत होती, हे वार आणि तास पाहून ठरवावे लागेल. सोमवारी पहिल्या तासाला एखादी कविता शिकवताना ती इतकी जिवंत असे की तास संपल्याची घंटा नकोशी वाटे. शनिवारी शेवटच्या तासाविषयी न बोललेले बरे.

सेवेच्या चोवीस वर्षांनंतर मिळणाऱ्या निवड श्रेणीसाठी प्रशिक्षण सक्तीचे असते. तेथे वयाने मुलासारख्या तज्ज्ञाने त्यांना समजावले की, २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने वर्गातील बहुभाषिकतेला साधन मानले आहे, आणि त्यामुळे इंग्रजीच्या तासाला मुलांच्या मातृभाषेचा आधार घेणे ही आता आधुनिक दृष्टी होय. सरांनी हे शांतपणे टिपून घेतले. अखेरीस इंग्रजीत छापलेला अभिप्रायाचा नमुना हाती आला. त्यात दोन आर्टिकल्स गळली होती आणि एक क्रियापद कर्त्याशी जुळत नव्हते. सरांनी खिशातील लाल पेन काढून तिन्ही चुका दुरुस्त केल्या, खाली दहापैकी सहा गुण दिले आणि प्रवासभत्त्याच्या रांगेत जाऊन उभे राहिले.