पोपटांसाठी कानबाईची गाणी

खानदेशात आज सीडीचा सगळ्यात मोठा ग्राहक पोपट आहे. एरंडोल-पारोळ्यावरून धुळ्याकडे निघा, ज्वारी-बाजरीच्या शेतात दोऱ्याला टांगलेल्या सीड्या उन्हात चमकताना दिसतील. पोपटाने बिचकावं म्हणून. तो बिचकतोही, पहिले तीन-चार दिवस. मग त्याच्या लक्षात येतं की ही वस्तू नुसती गरगर फिरते, चमकते आणि करत काहीच नाही. तो निवांत कणसावर परत येतो. (माणसाला हेच कळायला पाच वर्षं लागतात, आणि कळल्यावरही तो मत त्यालाच देतो.) टांगून उरलेल्या सीड्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे रिफ्लेक्टर म्हणून चिकटतात, नाहीतर गणपतीच्या मखरात जातात. तबकडीवर काय आहे ते कुणी उलटून वाचत नाही. वाचलं तर एखादीवर मार्करने खानदेशच्या देवीचं नाव लिहिलेलं सापडेल: ‘कानबाई गाणी, भाग २’.

दुसरीकडे, ज्यांच्या सीड्या अजून शोकेसमध्ये आहेत अशा सज्जनांना अलीकडे एकदम जाग आली आहे. नवा लॅपटॉप घरात आला आणि त्याला सीडी घालायला फटच नाही! मग स्वारी जळगावच्या गोलाणी मार्केटात. काउंटरवरचा पोरगा सीडी बंद पडायच्या सुमारास जन्मलेला. तो आदराने विचारतो, “काका, कशाला त्रास घेता? यूट्यूबवर आहे ना सगळं.” काकांना राग येतो. राग बरोबर आहे, कारण मात्र चुकीचं आहे. काका ज्यासाठी भांडत असतात ते खरोखरच यूट्यूबवर असतं.

शेवटी हजार-दीड हजारात यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह मिळतो. घरी येऊन काका सीडी घालतात, आतली सगळी गाणी निवडतात, पेनड्राइव्हवर टाकतात. चार सेकंदांत काम फत्ते! तासाभराची सीडी चार सेकंदांत उतरली याचं त्यांना नवल वाटत नाही. सराफ्यात दागिना घेताना काट्यावरच्या मिलिग्रॅमकडे डोळे लावून बसणारा जळगावकर इथे मात्र वजन बघत नाही. बघितलं असतं तर दिसलं असतं की प्रत्येक ‘गाणं’ ४४ बाइटचं आहे. सीडीए नावाची ती फाइल म्हणजे गाणं नव्हेच. तबकडीवर अमुक ठिकाणी गाणं सुरू होतं, एवढीच ती चिठ्ठी. काका चिठ्ठ्या घेऊन येतात, गाणी तबकडीवरच राहतात. तो पेनड्राइव्ह पुढे पुण्याच्या भाच्याला कुरियरने जातो. भाचा म्हणतो, मामा, यात काहीच वाजत नाही. मामा म्हणतो, तुझ्या कॉम्प्युटरात दोष असेल.

यात काकांचा तरी काय दोष? सोनी आणि फिलिप्स यांनी १९८० मध्ये सीडीचे नियम ठरवले, १९८२ मध्ये ती बाजारात आली. तेव्हा घरोघरी कॉम्प्युटर नव्हता, त्यामुळे फाइल हा प्रकार त्यांनी धरलाच नाही. सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला आवाज सलग गुंडाळून ठेवला, बस. तो उलगडून फाइल करायची तर रिपिंग करावं लागतं. विंडोजमधल्या मीडिया प्लेअरला ते येतं. जास्त काटेकोर हवं असेल तर ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ते एकेक तुकडा पुन्हा पुन्हा वाचून खात्री करतं. जसंच्या तसं ठेवलं तर मिनिटाला साधारण दहा एमबी. फ्लॅक केलं तर जवळपास निम्मं, आणि आवाजातलं काहीही न गाळता. एमपी३ आणखी लहान, पण त्यात थोडं गाळलेलं असतं. आपल्याकडे लोक लग्नाचा अल्बम फुल क्वालिटीत ठेवतात आणि आजीचा आवाज एमपी३ मध्ये. चालू द्या.

खरी मौज पुढे आहे. साध्या ऑडिओ सीडीवर गाण्यांची नावं बहुतेक वेळा नसतातच. सॉफ्टवेअर काय करतं, तर किती गाणी आहेत आणि कुठलं कुठे सुरू होतं हे मोजतं आणि तेवढ्या खुणेवर इंटरनेटच्या वहीत नाव शोधतं. बीटल्सची सीडी घाला: जपानात निघालेली वेगळी, जर्मनीत निघालेली वेगळी, सगळी वंशावळ हजर. लताबाईंची घाला, आदरपूर्वक नावं येतात. मग घाला धुळ्याच्या एकविरादेवीच्या यात्रेत घेतलेली अहिराणी गाण्यांची सीडी. उत्तर येतं: कलाकार अज्ञात, अल्बम अज्ञात, ट्रॅक ०१, ट्रॅक ०२, ट्रॅक ०३. अहिराणी-खानदेशी बोलणारे २०११ च्या जनगणनेत अठरा लाखांहून जास्त निघाले होते. त्यांतला सगळ्यात जास्त गाणी गायलेला गायक हा ‘अज्ञात’च दिसतो.

धुळेकराला मात्र याचं काही वाटत नाही. इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने आखलेल्या त्या गावात पत्ताच मुळी चौथी गल्ली, पाचवी गल्ली असा सांगतात. ज्याचं बालपण गल्ली नंबर पाचमध्ये गेलं, त्याला ट्रॅक पाचमध्ये परकं काय वाटणार?

आता माझं भांडण सांगतो. लोक रिप करतात ते सगळं चुकीचं. ‘सुवर्णगीते’, ‘अमर भावगीते’, ‘गझल की शाम’ हे सगळं रविवारी बसून, कापडाने पुसून, फ्लॅकमध्ये उतरवतात. यातलं एकही गाणं उद्या त्यांच्या घराला आग लागली तरी जगातून जाणार नाही. ते कंपन्यांच्या तिजोऱ्यांत आणि प्रत्येक फोनमध्ये आहे. आणि त्याच खोक्याच्या तळाशी असलेली वहीगायनासारख्या लोककलेची, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या गाण्यांची, गावच्या बँडची सीडी? ती पोपटांना.

नव्या अहिराणीची काळजी नको. ‘हाई झुमका वाली पोर’ कोट्यवधी वेळा पाहिलं गेलं आहे, ते यूट्यूबच्या भरवशावर जगेल. कॅसेटच्या आधीचं जे होतं ते बायकांच्या तोंडी होतं, थोडंफार अभ्यासकांनी कागदावर उतरवलं. लटकली आहे ती मधली पिढी. कॅसेट गेली होती, यूट्यूब यायचं होतं, तेव्हा तालुक्याच्या गावी छोट्या स्टुडिओत एका कीबोर्डवर आणि एका ढोलकीवर गाणी निघत. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे एका बाजूला आणि सीड्यांचे ढीग दुसऱ्या बाजूला. मालेगाव जिल्ह्याने नाशकात असलं तरी विनोदाने खानदेशातच आहे. तिथे नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ हा विडंबनपट काढला, आणि २०२५ मध्ये मुंबईने त्या मंडळींवरच हिंदी सिनेमा काढून दाखवला. मालेगावला मुंबई भेटली. आमच्या कानबाईच्या गाण्यांना अजून कुणी भेटलेलं नाही.

यांतल्या बऱ्याचशा ‘सीड्या’ खरं तर व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओ सीडी. त्या घातल्यावर घाबरू नका; आत एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर असतो, त्यातली डॅट फाइल सरळ उचलता येते आणि व्हीएलसी प्लेअरमध्ये वाजते. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, म्हणजे नाचणारी बाई आहे की केळीचं झाड हे गाणं ऐकून ठरवायचं. गाणं मात्र नीट ऐकू येतं.

पण घाई करा. छापील सीडी दणकट असते. स्टुडिओवाल्याने घरच्या रायटरवर जाळलेली कोरी सीडी तशी नसते. तिच्यात रंगाचा थर असतो आणि तो ऊन आणि उष्णतेने उडतो. आणि आपण ती ठेवतो कुठे, तर पत्र्याच्या घराच्या माळ्यावर, भुसावळचा पारा पंचेचाळीस ओलांडतो तेव्हा. वर कौतुकाने बॉलपेनने नाव लिहितो. सगळ्यांना वाटतं चकचकीत बाजू जपायची. प्रत्यक्षात लेबलची बाजूच नाजूक, तिथे आरसा फक्त पातळ लॅकरखाली असतो. खालच्या बाजूचा, गोल रेघेच्या दिशेने अडीच मिलिमीटरपर्यंतचा व्रण यंत्र स्वतः हिशेब करून भरून काढतं. म्हणून पुसायचं ते मधून कडेकडे, सरळ. गोल गोल नाही. टूथपेस्ट ओरखड्याला नको, दाताला लावा.

हे सगळं कायदेशीर का, असंही एका वाचकाने विचारलं आहे. इंग्लंडमध्ये स्वतःची सीडी स्वतःसाठी कॉपी करणं ऑक्टोबर २०१४ मध्ये कायदेशीर झालं आणि जुलै २०१५ मध्ये न्यायालयाने ते पुन्हा बेकायदा केलं. आपल्याकडे कायद्यात खासगी वापराला जागा आहे. शिवाय ‘१५० सुपरहिट, एकाच सीडीत’ ही तबकडी तीस रुपयांत घेताना ज्याला प्रश्न पडला नाही, त्याला तो आत्ताच का पडावा?

धुळ्याला या कामाचा वारसा कमी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरून लोकांच्या माळ्यांवरची दप्तरं खाली उतरवत. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ १९२७ पासून धुळ्यात आहे. समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी बाडं आहेत, शतकं उलटली तरी वाचता येतात. कागदाला ड्राइव्ह लागत नाही, ही त्याची सोय. माळे आजही तेच आहेत. फक्त दप्तराच्या जागी बिस्किटाचा डबा आहे, त्यात सीड्या आहेत, आणि त्यांचा वाचायचा काळ शतकांत मोजायचा नाही.

रिप झाल्यावर नावं हाताने भरावी लागतात, आणि त्यासाठी सॉफ्टवेअर नव्हे, फुई म्हणजे आत्या लागते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते तेव्हा रात्रभर गाणारी प्रत्येक घरात एक असते. आमच्या फुईला सातवं गाणं ऐकवलं. कानाला हात लावून तिने पूर्ण ऐकलं आणि निकाल दिला, “तिसरं कडवं खाई गई ती.” मग ते कडवं स्वतः म्हटलं, फोनवर रेकॉर्ड करवून घेतलं, नीट आलं का ते दोनदा वाजवून पाहिलं आणि हुकूम सोडला, “मनं नाव टाक. तिनं काढी टाक.”

काढायला तिचं नाव होतं कुठे? तिथे ‘ट्रॅक ०७’ लिहिलेलं होतं.