भेज दूँ क्या?

ओहायोतल्या एखाद्या आजीच्या कॉम्प्युटरवर अचानक लाल पडदा येतो, भोंगा वाजायला लागतो, ‘तुमच्या मशीनमध्ये व्हायरस शिरलाय, ताबडतोब या नंबरवर फोन करा’ असा हुकूम सुटतो आणि आजी घाबरून फोन लावते. तो फोन आमच्या गुरुग्रामात खणखणण्याची बरीच शक्यता असते. पलीकडे ‘केविन’ असतो. केविन रात्रीचा डबा घेऊन ड्यूटीवर आलेला असतो आणि डब्यात राजमा असतो.

गावाला हे कसब असंच मिळालेलं नाही. १९९७ च्या सुमारास जीई कंपनीनं आपली बरीच टेबलावरची कामं इथं आणली आणि अमेरिकेचा दिवस म्हणजे आपली रात्रपाळी हे गणित इथं मोठ्या प्रमाणावर सुटलं. त्या गणितावर काचेचे मनोरे उभे राहिले, कितीतरी पोरापोरींच्या घरांचे हप्ते फिटले. त्याच विद्येची एक वाट मात्र आडरानात गेली. नोव्हेंबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या तक्रारींवरून गुरुग्राम आणि नोएडाच्या पोलिसांनी १६ कॉल सेंटरांवर छापे घातले. २०२० मध्ये बीबीसीनं दाखवलेला प्रकार याहून बहारीचा. जिम ब्राउनिंग या टोपणनावानं वावरणाऱ्या एका ब्रिटिश गृहस्थानं इथल्या भामट्यांना आपल्या कॉम्प्युटरमध्ये शिरू दिलं आणि त्याच वाटेनं उलटा त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरला. मग त्यांचे सीसीटीव्ही कॅमेरे आणि त्यांच्या फोनची रेकॉर्डिंगं घरबसल्या बघत-ऐकत बसला. जुलै २०२४ मध्ये सीबीआयनं थेट डीएलएफ सायबर सिटीत जाऊन ४३ जणांना अटक केली. तिथला आरोप असा, की आधी पॉप-अप दाखवून खराब सॉफ्टवेअर गळ्यात घालायचं आणि मग मशीन पूर्ववत करून देण्याचे पैसे घ्यायचे. रोग त्यांचा, वैद्यही त्यांचाच.

असं हे नामांकित गाव. पण आमच्या हॉलमधल्या कॉम्प्युटरला आजार जडला तेव्हा गावात धड वैद्य मिळेना.

हा कॉम्प्युटर कुणा एकाचा नाही. त्यावर मुलीचे शाळेचे प्रोजेक्ट होतात, बायकोचे हिशेब होतात, आणि थंडीत साताऱ्याहून मामा आले की तो मामांचा होतो. मामा हवापालटासाठी येतात असं सांगतात. इथली नोव्हेंबरातली हवा पालटून घेण्याजोगी नसते, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण त्यांना भाच्याचं घर आवडतं आणि मोठा पडदा आवडतो. मामांना जुन्या पंचांगांच्या पीडीएफ लागतात. अशा पीडीएफ जिथं फुकट मिळतात त्या पानावर ‘डाउनलोड’ची हिरवीगार बटणं पाच-सहा असतात, आणि खरं बटण कुठंतरी कोपऱ्यात, बारीक करड्या अक्षरात, अंग चोरून उभं असतं. 

काही दिवसांनी होमपेज बदललं. गूगलच्या जागी कुठलंसं भलतंच शोधयंत्र येऊन बसलं, ‘सातारा हवामान’ विचारलं तर आधी गुडघेदुखीचं तेल दाखवू लागलं. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातून दर मिनिटाला एक चिठ्ठी सरकायची: तुमच्या मशीनमध्ये पाच व्हायरस सापडले.

“मी काही केलेलं नाही,” मामा म्हणाले. “त्यानं फक्त विचारलं, तुम्ही रोबो नाही ना? नसाल तर ‘अलाउ’ दाबा. आता मी रोबो नाही, हे सांगायला माझं काय जातंय?”

मामांचं खरंच काही चुकलं नव्हतं. चांगल्या घरातला माणूस विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देतो. या धंद्याची सगळी उभारणीच त्या चांगुलपणावर आहे.

आमच्या सोसायटीचं फाटक बघा. बूम बॅरियर आहे, कॅमेरे आहेत, रजिस्टर आहे, रजिस्टरच्या डोक्यावर अ‍ॅप आहे. दाराशी कुणी आलं की गार्ड फोन करतो, “सर, डिलिव्हरीवाला है, भेज दूँ?” सकाळी दूध, मग भाजी, मग कुरिअर, मग पुन्हा दहा मिनिटांत येणारी कोथिंबीर. कोण, कुठला, कुणाकडून, हे पहिला आठवडाभर विचारलं जातं. नंतर ‘भेज दो’ हे दोन शब्द कानापासून निघून परस्पर जिभेवर येतात, मध्ये डोकं लागत नाही. कुंपण चढून येणारा चोर इथं कधी ऐकिवात नाही. त्याला गरजच काय? कॉम्प्युटरवरही भिंत फोडून शिरणारे असतात, नाही असं नाही. पण घरगुती मशीनवरचे बहुतेक उपद्रवी फाटकाशी उभं राहून, नम्रपणे विचारून, आपल्या परवानगीनं आत येतात. पुढं आत बसून ते आपला पत्ता, आपले शोध, कधी पासवर्डही बाहेर कळवत राहतात, हा भाग वेगळा. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. इथं ती मोठी बहीण आहे.

हे आजचं नाही. १९९९ च्या आसपास बॉन्झीबडी नावाचा एक जांभळा गोरिला लोकांच्या पडद्यावर येऊन विनोद सांगायचा, गाणी म्हणायचा, आणि हळूच होमपेज आपल्या मालकाच्या साइटकडे वळवायचा. लोकांनी त्याला हौसेनं बोलावून घेतलं होतं. त्यानंतर कूलवेबसर्च आला. तो इतका चिवट, की मेरिन बेलेकोम नावाच्या एका डच विद्यार्थ्यानं त्याला हुसकावण्यासाठी वेगळं हत्यार लिहिलं. त्याच विद्यार्थ्याचं ‘हायजॅकधिस’ नावाचं दुसरं हत्यार त्या काळात भलतंच गाजलं. ते स्वतः काही ठरवत नसे. मशीनच्या कोनाकोपऱ्यात कोण कोण बसलंय याची निव्वळ यादी हातात ठेवायचं, आणि कोण आपला, कोण परका हे ज्याचं त्यानं ठरवायचं. मग लोक ती यादी जाणकारांपुढं धरायचे, कुंडली धरावी तशी. २०१७ मध्ये फायरबॉल आला तेव्हा चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीनं जगभरात २५ कोटी कॉम्प्युटर बाधित असल्याचा अंदाज दिला, त्यातले अडीच कोटींहून जास्त भारतातले. मायक्रोसॉफ्टनं हा आकडा फुगवलेला आहे असं म्हटलं. काही असो, फायरबॉलही दुसऱ्या फुकट सॉफ्टवेअरच्या वरातीतून आत शिरायचा. वरातीत कोण कुणाकडचा, हे कोण विचारतो?

शेजारच्या रिटायर्ड कर्नलसाहेबांनी आमची अवस्था पाहून एका वाक्यात निकाल दिला, “फॉरमॅट मार दो.” दिल्लीकडे हे रामबाण औषध आहे. नेहरू प्लेसच्या गल्ल्यांत कुठलाही रोगी नेला तरी हाच सल्ला मिळतो. पण त्यात मुलीचे प्रोजेक्ट आणि मामांची पंचांगं एकत्रच सती जाणार होती, म्हणून आम्ही झाडलोट करायचं ठरवलं.

चिठ्ठ्या बंद करणं सर्वांत सोपं निघालं. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशनची परवानगी मिळालेल्या साइटींची यादी असते. तिथून अनोळखी नावं काढली, की कोपऱ्यातले पाच व्हायरस जागच्या जागी बरे होतात, कारण ते मुळात नव्हतेच. मग एक्स्टेन्शनं. तिथं कुपनं शोधून देणारं एक होतं, पीडीएफ जोडणारं एक, आणि एकाच्या कामाबद्दल घरात कुणालाच काही सांगता येईना. ही मंडळी आली तेव्हा सज्जन असली तरी पुढची खात्री नाही. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे क्रोमचं एक्स्टेन्शन कितीतरी वर्षं सरळमार्गी होतं. २०२० मध्ये मूळ कर्त्यानं ते दुसऱ्या कुणाला विकलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलला ते घातक म्हणून काढून टाकावं लागलं. वापरणारे वीस लाखांच्या घरात होते, आणि त्यांना आपल्या घरातला माणूस बदललाय हे कळलंच नव्हतं.

होमपेज पूर्ववत केलं. दुसऱ्या दिवशी तेच शोधयंत्र हजर. पाहुण्यानं डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या शॉर्टकटमध्येच आपला पत्ता शेपटासारखा चिकटवून ठेवला होता. शॉर्टकटच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ते शेपूट छाटलं. ‘टास्क शेड्युलर’मध्येही त्यानं स्वतःला रोज सकाळी उठवायची सोय करून ठेवली होती, ती मोडली. तरी मेनूच्या तळाशी एक ओळ उरली: तुमचा ब्राउझर तुमच्या संस्थेच्या व्यवस्थापनाखाली आहे.

“कुठली संस्था?” बायकोनं विचारलं. “मामा संचालक आहेत त्या पतसंस्थेची तर नाही?”

पतसंस्थेचा यात काही हात नव्हता. मोठ्या ऑफिसांत सिस्टिमवाले विंडोजच्या रजिस्ट्रीत नियम लिहून ठेवतात, की कर्मचाऱ्यांनी अमुक होमपेज बदलायचं नाही. तसेच नियम पाहुण्यानं आमच्याकडे लिहिले होते, म्हणजे आम्ही आमच्याच घरात त्याचे नोकर झालो होतो. ते नियम खोडले, विंडोजच्या डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन चालवलं. विंडोज पूर्ण जागं व्हायच्या आत ते मशीन तपासतं, त्यामुळे लपून बसणाऱ्याला पळापळ करता येत नाही. मग फोनवरून बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड बदलले. ज्या मशीनवर संशय आहे त्याच मशीनवर बसून नवा पासवर्ड टाकणं म्हणजे चोराच्या देखत कुलूप बदलणं.

क्विक हील ही अँटीव्हायरस कंपनी पुण्याची, ती उभी करणारे कैलास आणि संजय काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातले, थोरल्यानं कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली आणि धाकट्यानं अँटीव्हायरस लिहिला, हे मामांनी मला त्या संध्याकाळी सविस्तर सांगितलं. सांगताना आवाज असा, की काटकरांना पाटी-पेन्सिल यांनीच आणून दिली होती. अभिमान रास्त आहे. पण कुठलाही अँटीव्हायरस मालकानं स्वहस्ते उघडलेल्या फाटकापुढं थोडा गोंधळतोच. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर सफाईची साधनं २०१७ पासून फुकट मिळतात, तीही ठेवली. आणि १९३० हा हेल्पलाइनचा नंबर फ्रिजवर चिकटवला, पैसे गेलेच तर तासाभरात फोन करायला. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, हे वाक्य मी मामांकडून पाठ करून घेतलं.

खरी कुरबूर झाली ती शेवटच्या उपायावरून. घरातल्या सगळ्यांची खाती ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’वरून ‘स्टँडर्ड’वर आणली. आता नवं काही बसवायचं तर बहुतेक वेळा वेगळा पासवर्ड लागतो आणि तो बायकोकडे असतो. उपाय साधा आहे आणि तितकाच गुणकारी. पण एकदा संचालक राहिलेल्या माणसाला साधा सभासद होणं रुचत नाही. मामांनी दोन दिवस पंचांग उघडलं नाही.

नंतर त्यांनी ‘नाही’ म्हणायला सुरुवात केली आणि त्यात त्यांना गोडी लागली. कुकीजना नाही, सर्वेक्षणाला नाही, हवामानाला नाही. गार्डचा फोन आला तर “किसने भेजा? क्या लाया?” अशी उलटतपासणी. आमचं पनीर एकदा फाटकावरून परत गेलं. साताऱ्याला परतल्यावर त्यांनी आपल्या लॅपटॉपच्या विंडोज अपडेटलाही नाही म्हटलं, महिनाभर. मग मला सगळं पुन्हा उलटं समजवावं लागलं: मामा, अपडेट हवंच, जुन्या फटी त्यानंच बुजतात. पण पॉप-अपमध्ये आलेल्याला हो म्हणायचं नाही. आपण उठून सेटिंग्जमध्ये जायचं आणि तिथं तो आहे का बघायचं.

परवा त्यांचा फोन आला.

“अपडेट आलंय म्हणतोय.”

“सेटिंग्जमध्ये बघितलंत?”

“बघितलं. तिथं पण तोच बसलाय.”

“मग येऊ द्या.”

“रीस्टार्ट मागतोय. देऊ?”

“द्या.”

“किती वेळ लागेल विचारलं तर नुसता गोल गोल फिरतोय,” मामा म्हणाले. “मी जेवून घेतो तोवर.”